मुलाचं पहिलं निवासी कला शिबिर : शोधण्यापासून परत आणण्यापर्यंत

परीक्षा संपल्या की मे महिन्यात सकाळी दहा ते एक भरणारी उन्हाळी शिबिरं आता गल्लोगल्ली असतात. निवासी कला शिबिर हा त्याहून अगदी वेगळा प्रकार आहे. तिथे मुलाला चित्र किती चांगलं काढता येतं याला फारसं महत्त्व नसतं. बादलीत पाणी काढून स्वतःची अंघोळ स्वतः करता येते का, ताटात पडलेली अनोळखी भाजी दोन घास तरी खाल्ली जाते का, रात्री पोटात दुखलं तर शेजारी झोपलेल्या शिबिराच्या ताईला उठवायला जीभ रेटते का, यावर ते पाच दिवस कसे जातील हे ठरतं. म्हणून खरेदीच्या यादीआधी सवयींची यादी करायला हवी. त्यासाठी निदान महिनाभर हाताशी लागतो.

वय आणि मुक्काम

आठ-नऊ वर्षं पूर्ण झाली की पहिला मुक्काम करायला हरकत नाही. पण वयापेक्षा तीन खुणा पाहा : आईबाबांशिवाय मामाकडे किंवा आत्याकडे सलग दोन रात्री राहून झालंय, रात्री एकट्याने उठून संडासला जाता येतं, आणि दुखलं-खुपलं तर परक्या मोठ्या माणसाला सांगता येतं. यातलं तिसरं जमत नसेल तर एक वर्ष थांबा.

पहिल्या वेळी चार ते पाच रात्रींचं शिबिर घ्या. 'आधी दोनच रात्री पाठवून बघू' हा विचार सुरक्षित वाटतो, पण तो बहुधा उलटा पडतो. घरची आठवण पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त येते. दोन रात्रींत मूल नेमकं रडवेलं असताना परत येतं आणि 'मला बाहेर राहणं जमत नाही' एवढंच मनात ठेवून घेतं. चौथ्या दिवशी हात रंगात बुडलेले असतात, मैत्री झालेली असते, तो दिवस त्याला मिळायला हवा. दहा-बारा दिवसांची शिबिरं मात्र पुढच्या वर्षासाठी ठेवा.

ओळखीची एक मैत्रीण किंवा मित्र सोबत असेल तर चांगलंच. सख्खी भावंडं एकत्र जाणार असतील तर त्यांना वेगवेगळ्या गटांत ठेवायला सांगा. नाहीतर दहा वर्षांची ताई पाच दिवस धाकट्याची चड्डी-बनियन शोधण्यात घालवते.

शिबिर निवडताना काय विचारायचं

चौकशी फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू करा. आधी कलेबद्दल विचारा, कारण बहुतेक पालकांचं नेमकं तेच विचारायचं राहून जातं. पाच दिवसांत ओरिगामी, मातीकाम, वारली, मुखवटे, नाटक, गाणं असं सगळं असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला तास-दीड तास येतो. तेवढ्यात तयार सामानाचं पाकीट उघडून शेजारच्यासारखीच वस्तू चिकटवण्यापलीकडे काही होत नाही. दोन-तीनच कला आणि प्रत्येकीला सलग दोन-अडीच तास, असं वेळापत्रक शोधा. 'तिसऱ्या दिवशी दुपारी मुलं काय करत असतील?' असा थेट प्रश्न विचारा. चांगला आयोजक याचं उत्तर बारकाईने देतो.

नाटकाचं शिबिर असेल तर शेवटच्या दिवशीच्या सादरीकरणाबद्दल खोदून विचारा. छापील संहिता पाठ करून घेणार, की मुलांकडूनच प्रसंग उभे करणार? आपल्याकडे बालरंगभूमीची परंपरा मोठी आहे. सुधा करमरकरांनी 1959 मध्ये 'लिटल थिएटर' सुरू केलं, सुलभा देशपांड्यांनी 'आविष्कार' या नाट्यसंस्थेची मुलांसाठीची शाखा 'चंद्रशाला' उभी केली. पण पाच दिवसांत पालकांसमोर चकचकीत प्रयोग करायचाच, असा हट्ट धरणाऱ्या शिबिरात धीट आणि शुद्ध बोलणाऱ्या मुलांना मोठी कामं मिळतात आणि बुजरं मूल घोळक्यात उभं राहून परत येतं. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलासाठी सादरीकरण साधंसुधं असलेलं बरं.

एखादी कला जिथली आहे तिथेच शिकता आली तर ती संधी सोडू नका. डहाणू-पालघर भागात वारली चित्रं वारली कलाकारांकडूनच शिकता येतात. जिव्या सोमा मशे याच भागातले. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांनाही 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्र काढताना गेरूने सारवलेल्या पृष्ठावर, तांदळाच्या पिठात पाणी आणि डिंक कालवून, टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने रेघ ओढताना काडी दर दोन-तीन इंचांवर कोरडी पडते, पुन्हा बुडवावी लागते. त्या थांबण्यातूनच चित्राची लय येते. बाजारातल्या पांढऱ्या मार्करने ती येत नाही.

आता सुरक्षितता. इथे भीड बाळगू नका, आणि उत्तरं लेखी मागा. आठ-दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी, आणि ती फक्त दिवसा नव्हे, रात्रीही. मुलींच्या खोलीत स्त्री कार्यकर्त्या झोपणार का, संडास-बाथरूम खोलीपासून किती लांब, रात्री तिथे दिवा असतो का, हे विचारा. सगळ्या कर्मचाऱ्यांची, स्वयंपाकी आणि ड्रायव्हर धरून, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली आहे का ते विचारा. एका मुलाबरोबर एकटं मोठं माणूस बंद खोलीत असणार नाही, असा नियम आहे का? नदी, धरण, विहीर किंवा समुद्रावर नेणार असतील तर तुमचा नकार लेखी कळवा. लाइफगार्ड आणि लाइफ जॅकेट असल्याशिवाय मेमध्ये मुलांना पाण्यात नेण्याचं कोणतंच कारण आम्हाला पटत नाही.

सर्वात जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि रात्री गाडी हाताशी असते का, हेही विचारा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 आहे, पण आडगावात स्वतःची गाडी लवकर पोचते. कोकणात लाल विंचवाचा दंश लहान मुलांना जिवावर बेतू शकतो. त्यावर प्राझोसिन हे औषध वेळेत मिळालं तर मूल बहुधा वाचतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे सगळ्यांना कळलं. म्हणून कोकणातलं शिबिर असेल तर आयोजकाला विंचू आणि सापाबद्दल नक्की विचारा : कुठे नेणार, तिथे औषध आणि सर्पदंशाची लस असते का. या प्रश्नांनी जो वैतागतो त्याच्याकडे मूल पाठवू नका.

महिनाभर आधी : सवयी

पहिला आठवडा अंघोळीचा. शॉवर आणि गीझर विसरून बादली, तांब्या आणि साबण. केस धुणं, पुसणं, ओला टॉवेल दोरीवर पसरून चिमटा लावणं हे सगळं त्यात आलं. लांब केसांच्या मुलीला स्वतःची एक साधी वेणी घालता यायला हवी. जमत नसेल तर सरळ केस खांद्यापर्यंत कापा, मे महिन्यात तिलाही बरं वाटेल.

भारतीय बैठकीच्या संडासाची सवय ही शहरातल्या मुलांची सगळ्यात मोठी अडचण आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. घरी फक्त कमोड असेल तर मूल तिथे गेल्यावर तीन-तीन दिवस रोखून धरतं. तिसऱ्या दिवशी पोट दुखायला लागतं, जेवण सुटतं, डोळ्यांत पाणी येतं आणि सगळे म्हणतात, घरची आठवण येतेय. आठवड्यातून तीन-चार वेळा नातेवाइकांकडे, शाळेत, जिथे मिळेल तिथे सवय करून घ्या. नंतर पाणी टाकणं, हात साबणाने धुणं हेही शिकवा.

दुसऱ्या आठवड्यात खाणं आणि झोप. पोहे, उपमा, उसळ, वरण-भात, दोन प्रकारच्या भाज्या, एवढं न कुरकुरता पोटात जायला हवं. एसी लावायची सवय असेल तर पंख्यावर, जमिनीवर गादी टाकून झोपवा. झोपण्याआधीचा मोबाइल आत्ताच बंद करा. शिबिरात तो एकाएकी तुटला की पहिल्या रात्री झोप येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात दोन रात्री नातेवाइकांकडे. पहिल्या रात्री एक फोन चालेल, दुसऱ्या रात्री तोही नाही.

आणि रोज, सहज बोलता बोलता, तीन वाक्यांचा सराव : 'मला बरं वाटत नाहीये.' 'मला हा त्रास देतोय.' 'मला हे करायचं नाहीये.' शरीराला नको तिथे कुणी हात लावला, किंवा 'कुणाला सांगू नकोस' म्हणून काही सांगितलं, तर ते लगेच दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगायचं, ते माणूस ऐकत नसेल तर तिसऱ्याला. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर त्याला पाठ हवा, तुमचा मोबाइल नंबरही.

काय बोलायचं, काय नाही

'तुला घरची आठवणसुद्धा येणार नाही बघ,' असं म्हणू नका. आठवण येते, आणि आली की मुलाला वाटतं आपल्यातच काहीतरी बिघडलंय. सरळ सांगा : आठवण येईल, संध्याकाळी आणि झोपताना जास्त येईल, सगळ्यांनाच येते, थोड्या वेळाने कमी होते. तेव्हा काय करायचं तेही आधीच ठरवा. ताईला सांगायचं, पाणी प्यायचं, वहीत चित्र काढायचं.

'नाही आवडलं तर लगेच न्यायला येऊ,' हे वचन प्रेमापोटी दिलं जातं. पण त्यामुळे मूल पहिल्या क्षणापासून तिथे रमण्याऐवजी 'आता पुरे का?' हे मोजत राहतं. त्यात तुम्ही दोनशे किलोमीटरवरून आला नाहीत तर तुमच्या शब्दावरचा विश्वास जातो तो वेगळाच. मुलाने विचारलंच तर म्हणा, 'तू आजारी पडलीस किंवा कुणी त्रास दिला तर मी येणारच. नुसती आठवण आली तर ताई मदत करेल आणि रविवारी मी न्यायला येईन.' वार सांगा, कॅलेंडरवर खूण करा.

बॅग

पाच रात्रींसाठी हे पुरतं :

- टी-शर्ट 6, त्यातले निदान 3 जुने. पूर्ण बाह्यांचा एक, संध्याकाळच्या डासांसाठी
- अर्ध्या पँट 4, पूर्ण लांबीच्या 2, आतले कपडे 8
- बाबांचा एक जुना शर्ट. बाह्या कोपरापर्यंत कापून, बटणं पाठीला येतील असा उलटा घातला की रंगकामाचा झगा तयार
- पंचे 2 (जाड टॉवेल दमट हवेत वाळत नाही), पातळ चादरी 2
- मागे पट्टा असलेले सँडल, बूट, टोपी, एक लिटरची पाण्याची बाटली
- बॅटरी आणि जादा सेल, डासांचं मलम, झाकणाच्या डबीत साबण
- ओल्या कपड्यांसाठी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या

पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणार असाल तर एक स्वेटर वाढवा, रात्री गारवा असतो. पाळी सुरू झालेल्या किंवा सुरू व्हायच्या वयातल्या मुलीच्या बॅगेत पॅड, कागद आणि एक जादा गडद पँट हवीच. वापरलेलं पॅड कसं गुंडाळायचं आणि कुठे टाकायचं हेही आधी दाखवून ठेवा.

प्रत्येक कपड्यावर नाव घाला. बॉलपेनने लिहिलेलं एका धुण्यात जातं. सुती पट्टीवर न पुसणाऱ्या मार्करने लिहून ती आतून चार टाके घालून शिवा.

बॅग मूल भरेल, तुम्ही शेजारी बसा. दहा वर्षांखालच्या मुलासाठी रोजचा एक जोड एकेका पिशवीत घालून वर वार लिहा. नाहीतर तिसऱ्या दिवशी सगळी बॅग उलटी झालेली असते आणि मूल पहिल्याच दिवसाच्या टी-शर्टमध्ये फिरत असतं. सकाळी बूट घालण्याआधी ते उलटे करून आपटायचे, हीही सवय घरीच लावा.

रंगसाहित्य बहुतेक शिबिरंच देतात. स्वतःचं न्यायचं असेल तर पोस्टर कलर, 2, 6 आणि 10 नंबरचे गोल ब्रश, एक चपटा ब्रश, एचबी आणि 4बी पेन्सिल, जुनं सुती फडकं एवढं खूप झालं. महागाचा संच देऊ नका, मूल तो वापरायला घाबरतं. ऑइल पेस्टल मेच्या दुपारी बंद गाडीत मऊ होऊन एकमेकांना चिकटतात, त्यांचा डबा सावलीत, अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. पोस्टर कलर कपड्यावरून बराचसा धुतला जातो, अ‍ॅक्रिलिक वाळला की जात नाही. ब्रश पाण्याच्या डब्यात उभा सोडला की केस वाकतात, हे मुलाला एकदा प्रत्यक्ष दाखवा. मोकळ्या वेळासाठी जाड कागदाची एक छोटी वही मात्र नक्की द्या.

चित्रं परत कशी येणार याचाही विचार आत्ताच करा. अर्ध्या इम्पीरियल कागदाचं माप 15 बाय 22 इंच असतं. 16 बाय 23 इंचाचे दोन पुठ्ठे आणि चार मोठे चिमटे दिले की एकही चित्र चुरगळत नाही.

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, सोन्याचं काहीही पाठवायचं नाही. खाऊचा डबाही नको, त्याने मुंग्या येतात आणि भांडणं होतात.

आरोग्याचा कागद

यात लपवाछपवी करू नका. मुलाचं सध्याचं वजन किलोत लिहा, कारण तापाच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. अ‍ॅलर्जी, दमा, आकडी, घाटात गाडी लागणं, झोपेत चालणं, सगळं लिहा. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आयोजकांच्या हातात द्या, मुलाच्या बॅगेत ठेवू नका.

अंथरुणात शू होणं आठ-नऊ वर्षांच्या बऱ्याच मुलांत असतं. ते गटाच्या ताई-दादाला खासगीत सांगा, रबरी कापड आणि दोन जादा चड्ड्या द्या, रात्री अकराला उठवायला सांगा. त्यासाठी दिवसाचं पाणी कमी करू नका, मेमध्ये ते धोक्याचं आहे. मुलाला माहीत हवं की ताईला ठाऊक आहे. मग ते ओली चादर लपवत नाही.

ओआरएस पाठवत असाल तर वापरायची रीत वर चिकटवा : 20.5 ग्रॅमचं मोठं पाकीट पूर्णच्या पूर्ण एक लिटर पाण्यात. ते अंदाजाने एका पेल्यात घोळून दिलं तर फार तीव्र होतं आणि फायद्याऐवजी त्रास होतो.

निघायच्या आदल्या दिवशी डोकं उवांसाठी तपासा आणि नखं कापा.

सोडताना

अर्धा तास पुरे. अंथरूण कुठे, संडास कुठे, पिण्याचं पाणी कुठे, रात्री कुणाला उठवायचं, या चार गोष्टी मुलाने तुम्हाला दाखवायच्या. चादर त्यालाच घालू द्या. मग एक मिठी, 'रविवारी येते', आणि निघा. झाडाआड थांबून बघू नका. मूल रडत असेल तरी ताईच्या हातात देऊन निघा. तुम्ही जितका वेळ थांबाल तितका निरोप लांबतो.

मधले दिवस

फोन न येणं हे बहुधा चांगलंच लक्षण असतं. तुमचा आवाज ऐकला की शांत झालेलं मूल पुन्हा हेलावतं. त्याऐवजी निघण्याआधीच चार छोट्या चिठ्ठ्या लिहून, वर वार घालून आयोजकांकडे द्या. त्यात घरी काय चाललंय ते थोडक्यात, आणि 'मातीचं काम सुरू झालं का? हात किती भरले?' असे प्रश्न. 'तुझ्याशिवाय घर सुनं सुनं झालंय,' हे लिहायचं नाही.

ग्रुपवर फोटो येतील. त्यात आपलं मूल हसत नाहीये म्हणून रात्री आयोजकांना मेसेज करू नका. कामात बुडालेलं मूल हसत नसतं.

रडत फोन आलाच तर पूर्ण ऐका. आज काय केलं ते विचारा. मग ताईशी बोला : जेवला का, झोपला का, संडासला झाली का, दिवसभर कामात होता का? रात्रीच्या रडण्यावर निर्णय घेऊ नका, सकाळच्या न्याहारीनंतर पुन्हा बोला. दिवसभर मूल हुंदडत असेल तर रात्रीचं रडणं सोसण्यासारखं आहे. पण दिवसभर काही खाल्लं नसेल, दोन रात्री झोप नसेल, ताप उतरत नसेल, किंवा भर दिवसा शांतपणे तेच तेच मागत असेल, तर घेऊन या, आणि 'हरलास' असा सूरही लावू नका. कुणी मारलं, छळलं किंवा नको तसा हात लावला असं कळलं तर त्याच घटकेला निघा. लैंगिक त्रासाची बाब असेल तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं आयोजकांवरही बंधनकारक आहे, 'आपसात मिटवू' चालत नाही.

परत आल्यावर

आधी अंघोळ, वरण-भात आणि झोप. दोन दिवस मूल चिडचिडं असेल तर ते थकव्यामुळे. उवांची फणी फिरवा, कपडे वेगळे धुवा, पायांवर फोड किंवा चावे आहेत का बघा. 'काय काय शिकलीस?' याचं उत्तर मिळत नाही. एखादं चित्र हातात घेऊन 'हे कसं केलंस?' विचारा, मग गोष्ट सुरू होते. पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला किंवा संवाद बोलायला लावू नका. चित्रातली अर्धवट जागा तर मुळीच भरू नका.

शाडूच्या वस्तू भाजलेल्या नसतात. त्या सावलीत, वर्तमानपत्रावर आठ-दहा दिवस वाळू द्या आणि रोज बाजू बदला. उन्हात ठेवल्या की बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि तडा जातो. हात, शेपटी, कान असे चिकटवलेले भाग आधी सुटतात. ते दाट फेविकॉलने जोडता येतात, पण मुलालाच जोडू द्या. अशा भांड्यात पाणी ठेवता येत नाही, ते विरघळतं, हेही त्याला सांगा.

तांदळाच्या पिठाने काढलेल्या वारली चित्राला जूनमध्ये पाऊस लागला की बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. पाऊस सुरू व्हायच्या आत ते काचेच्या फ्रेममध्ये बसवून घ्या, किंवा कोरड्या कागदात सपाट ठेवून बाजूला डांबरगोळ्या टाका. प्रत्येक चित्राच्या मागे मुलाच्याच हाताने, पेन्सिलीने, नाव, वय आणि तारीख लिहून घ्या. ठेचलेली बांबूची काडी आणि उरलेला गेरू टाकून देऊ नका, शाळा सुरू व्हायला अजून अवकाश असतो.